गुळाचा खडा

चंद्रभानजींनी मुकेशच्या वरच्या ओठावर मिशी दाबून धरली आणि ती वाळावी म्हणून फुंकर घालत राहिले. फुंकर अगदी मनापासूनची होती. डिंक मात्र त्यांनी डाव्या टोकाला लावलाच नव्हता.

"काकाजी, पक्की बसली ना?" मुकेशनं ओठ न हलवता विचारलं.

"मंग! माह्या ओठावर एवढे साल होती. पडली का कधी?"

मिशी खरोखर त्यांचीच होती. गावच्या नाट्यमंडळात हिरो दर दोन-तीन वर्षांनी बदलत, कारण हिरोंची लग्नं होत. खलनायक मात्र एकच. दुष्ट पाटील, कपटी मामा, दारुडा जमीनदार, अशी गावाच्या वाट्याची सगळी पापं चंद्रभानजींनी एकट्यानं केली, तीही मानधन न घेता.

मानधन नसलं तरी गूळ होता. नाटकात खलनायकाला दिलेली शिवी खऱ्या माणसाला लागू नये, म्हणून जिनं शिवी दिली तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन त्याच्या तोंडात गुळाचा खडा ठेवायचा आणि शिवी परत घ्यायची, अशी गावची रीत. चंद्रभानजींसमोरची बायकांची रांग पारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत जाई. याचा जो परिणाम व्हायचा तो झाला. वर्ध्याच्या डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि गोड कायमचं बंद केलं. गूळ बंद म्हणजे शिव्या अंगावर राहणार, आणि असा शापित माणूस गावात मोकळा फिरू देणं मंडळाला झेपणारं नव्हतं. म्हणून मुकेश. देवळीत त्याचं मोबाईलचं दुकान होतं, आणि स्वभाव असा की गिऱ्हाईक नुसतं चार्जर बघून गेलं तरी तो त्याला 'येजो' म्हणायचा.

'हा काय खलनायक होईल,' असं चंद्रभानजी चहाच्या टपरीवर महिनाभर म्हणत होते. सगळे हो म्हणत, आणि पुढचं विचारत, "पण मुकेश तालमीत लई मस्त करून राह्यला म्हणतेत, खरं काय?"

त्या रांगेत एकच बाई कधी दिसली नव्हती. त्यांची बायको, आनंदाबाई. नवऱ्याला कशी शिवी देईल, असं गाव म्हणे. चंद्रभानजींना ते पटत नसे. तालमी घरीच चालत. हिरॉईनच्या जागी ते आनंदाबाईंनाच उभं करत, आवाज चढवत, हाताला येईल ते भिरकावत. स्वयंपाकघरातल्या पितळी गडव्यावर जितके पोचे होते, तितक्या त्यांच्या गाजलेल्या भूमिका. एवढी मेहनत जवळून पाहूनही बाईच्या तोंडून एक शिवी निघू नये, हे त्यांना कलावंत म्हणून फार लागे.

नाटक सातला सुरू झालं. दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो, त्यामुळे हल्ली पापं लवकर उरकावी लागत. विधवा भावजयीला पाटील वाड्याबाहेर काढतो, त्या प्रवेशात मिशीचं डावं टोक सुटलं आणि लोंबायला लागलं. विंगेत चंद्रभानजी पुढे वाकले. पुढच्या रांगेतलं एक पोरगं फिसकन हसलं.

मुकेशनं मिशी हळूच उपटली, तळहातावर घेऊन पाहिली, खिशात ठेवली आणि भावजयीकडे बघून हसला. दुकानात हसतो तसंच, गोड. मग तिचं गाठोडं पायानं बाहेर सरकवलं.

मांडव चिडीचूप झाला. ते हसू सगळ्यांच्या ओळखीचं होतं.

"मुडद्या, तुये हात झडो!"

बायकांच्या घोळक्यातून आवाज आला. चंद्रभानजींना पाहावं लागलं नाही, तरी त्यांनी पाहिलं. आनंदाबाई उभ्या होत्या, पदर खांद्यावरून सुटलेला.

सकाळी रांग टाकीच्याही पुढे गेली. पारावर मुकेश गाल फुगवून बसला होता. "बस ना, मावशी," म्हणत होता आणि पुन्हा तोंड उघडत होता. चंद्रभानजी टपरीवर पेपर उघडून बसले आणि पेपरच्या वरून रांग पाहत राहिले. आनंदाबाई आल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी खडा काढला, चांगला सुपारीएवढा, मुकेशच्या तोंडात ठेवला आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

चंद्रभानजी घरी आले तेव्हा त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

"त्या पोट्ट्याले पहिल्याच साली गूळ," ते म्हणाले. "अन् माह्यासाठी तुले कधी एक शिवी सुचली नाई."

"देल्ली ना. दरसाल देल्ली."

चंद्रभानजी ताठ बसले. रात्रीपासून उतरलेला चेहरा एकदम उजळला.

"कोणत्या पार्टाले? पाटलाच्या का मामाच्या?"

"पार्टाले नाई. तालमीले."

त्यांनी शेंगांकडे पाहिलं, मग फळीवरच्या गडव्याकडे. तो पोच्यांची बाजू भिंतीकडे करून ठेवलेला होता.

"मंग गूळ काऊन नाई आणला कधी?"

"वापस घ्याची असली तं गूळ आणतेत."

मग चंद्रभानजी उठले, चुलीशेजारचा गुळाचा डबा उचलून आणला, आनंदाबाईंसमोर ठेवला आणि तिथेच खाली बसले. हात पुढे केला.

"आता दे."

आनंदाबाईंनी डब्याकडे पाहिलं, त्यांच्या हाताकडे पाहिलं.

"डॉक्टरनं गोड मना केलं ना तुमाले," त्या म्हणाल्या, आणि पुढची शेंग घेतली.