फाटकापाशी झाडलेली गोळी

मी एक रिव्हॉल्वर आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला फक्त पडद्यावर पाहिलं असेल. खरा मी लहान, काळा आणि हाताला बराच जड आहे.

सरकारी कारखान्यात माझा जन्म झाला. बोरिवलीचे कंत्राटदार मधुकर सावंत यांना खंडणीसाठी धमक्या येत होत्या, म्हणून त्यांना परवाना मिळाला आणि मी त्यांच्या घरी आलो. पुढे धमक्या थांबल्या, मी मात्र राहिलो. पाहुणे आले की मधुकरराव मला कपाटातून काढून दाखवत. मला हातात घेतलं की माणसं उगाच ताठ बसतात. त्यांच्या पत्नी मालनताई तेवढ्या उठून आत जात.

आमच्या इमारतीच्या मागे ख्रिस्ती लोकांचं जुनं गावठाण होतं. त्यांची रस्त्यावर यायची वाट आमच्या फाटकातून जायची. मधुकरराव सोसायटीचे अध्यक्ष झाले आणि फाटकाला कुलूप लागलं. गावठाणातला क्लेमेंट मासळीचा टेम्पो चालवायचा. तो आधी विनवायला आला. नंतर एका रविवारी सकाळी पहार घेऊनच आला. मधुकरराव खाली धावले.

"पोलिसांना बोलावीन हां, क्लेमेंट!"

"बोलाव ना! ही वाट माझ्या आज्यापासून हाय."

मधुकरराव आडवे गेले. क्लेमेंटने त्यांना ढकललं. चारचौघांत ते पडले, चष्मा फुटला. कुणीतरी हसलं.

ते घरी आले, दार लावलं. मालनताईंनी विचारलं, "लागलंय का? बसा आधी. मी पोलिसांना फोन लावते."

"बाजूला हो."

"अहो, कुलूपच तोडतोय ना तो? दुसरं लावू."

त्यांनी कपाट उघडलं आणि मला उचललं.

खाली क्लेमेंट कुलपावर घाव घालत होता. मला पाहून तो थांबला. पहार त्याच्या हातात होती, हे खरं. "मारतोस? मार ना!" असं तो म्हणाला, हेही खरं. पण तो एक पाऊलही पुढे आला नाही. माझा चाप ओढायला बोटात चांगला जोर लागतो. तो मधुकररावांनी लावला.

क्लेमेंटची बायको अँजेलिना धावत आली, तोवर त्याचा जीव गेला होता.

कोर्टात मधुकररावांचे वकील म्हणाले, झटापटीत गोळी सुटली. मी समोर टेबलावरच होतो, पण मला कोण विचारणार? मालनताई बोलल्या. "हे घरात आले होते. दार बंद होतं. भीती कसलीच नव्हती. मी अडवलं, तरी गेले."

"नवऱ्याला तुरुंगात पाठवायचंय तुम्हाला?" वकिलांनी विचारलं.

"मला खोटं बोलायचं नाही."

साक्ष देऊन त्या परतल्या तेव्हा सावंतांच्या बाजूच्या कुणीच त्यांना बसायला जागा दिली नाही. अँजेलिना बाकावर थोडी सरकली. मालनताई तिच्याशेजारी बसल्या.

मधुकररावांना जन्मठेप झाली. क्लेमेंटने ढकललं, तो दोष त्याचा. पण त्याची शिक्षा मरण नव्हती.

आता मी सील होऊन पडलोय. मला नष्ट करायचा हुकूम निघालाय आणि तो योग्यच आहे. मधुकरराव दुष्ट होते असं समजून तुम्ही निर्धास्त होऊ नका. ते शेजाऱ्यांच्या अडीअडचणीला धावणारे गृहस्थ होते. त्या सकाळी अपमान सोसवला नाही आणि मी हाताशी होतो, एवढंच. तुमच्या कपाटात माझा एखादा भाऊ असेल, तर तो आजच पोलिसांकडे जमा करा. आज तुम्ही शांत आहात.