जुनी जाळी जमा करावी

विषय : पोटातून बाहेर पडण्याबाबत.
संदर्भ : कर्वेनगर येथील श्री. रंगनाथ बिडकर यांचा अर्ज व त्यावरची दोन स्मरणपत्रे.

वरील विषयास अनुसरून सादर करते की, मी एक जाळी बोलतेय. खिडकीची नव्हे आणि मोरीचीही नव्हे. हा खुलासा सुरुवातीलाच केलेला बरा, कारण तो वेळेवर झाला नाही म्हणून पुढचं सगळं घडलं. मी हर्नियाची जाळी. पोटाचा पडदा विरला की आतून ठिगळ लावतात, ते ठिगळ मी. सध्या मुक्काम श्रीमती मथुराबाई बिडकर यांच्या पोटात, बेंबीच्या जरा खाली, साडीच्या निऱ्या खोचतात बरोबर तिथे.

माझा जन्म कारखान्यात झाला. प्लास्टिकच्या बारीक धाग्यांची पांढरी वीण, मध्ये सारखी भोकं. मला दोन पाकिटांत बंद केलं, बाहेर नंबर छापला आणि संपण्याची तारीखही. माणसांच्या जन्मदाखल्यावर ती नसते, म्हणून माणसं निवांत असतात. पाकिटावर एक स्टिकरही होतं. मला ज्याच्या पोटात बसवतील त्याच्या कागदांवर ते चिकटवायचं असतं, म्हणजे मी कोण, कुठली, हे पुढे कळतं.

मला बसवलं ते शहरातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात. नाव सांगत नाही, कारण अर्ज त्यांच्याकडेच आहे. मला टाके घालताना डॉक्टर त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगबद्दल बोलत होते. शेजारच्याने यांच्या जागेत गाडी लावली होती. माझं स्टिकर कुणीतरी ट्रेच्या कडेला तात्पुरतं चिकटवलं आणि ट्रे धुवायला गेला.

मग वर कातडी शिवली आणि अंधार झाला. तो अजून आहे.

माझ्या भोकांमधून माणसाचं मांस वाढतं आणि मला धरून ठेवतं. हीच माझी नोकरी. मथुराबाईंच्या मांसानेही मला धरलं, पण एका कोपऱ्यात पू झाला. पुन्हा फाडलं, धुतलं, शिवलं. काही महिने बरे गेले आणि मग त्यांचं आतडंच माझ्या कडेला येऊन चिकटलं. तिसऱ्यांदा फाडलं. जेवढी सुटली तेवढी मला कापली. माझा तो अर्धा भाग पिवळ्या पिशवीतून कचऱ्यात गेला. मला त्याचा हेवा वाटतो.

उरलेली मी इथेच आहे. मथुराबाईंच्या पोटाला एक छोटं भोक राहिलंय, त्यातून पाझरत राहतं. रोज ड्रेसिंग. कडक इस्त्रीच्या साडीशिवाय दाराबाहेर पाऊल न टाकणारी बाई आता गाऊनमध्ये असते आणि गाऊनमध्ये बाहेर जायचं नाही म्हणून बाहेरच जात नाही. लग्नमुंजींना रंगनाथराव एकटे जातात आणि हिला बरं नाही असं सांगतात. घड्या विरू नयेत म्हणून कपाटातल्या साड्या अधूनमधून उलगडून पुन्हा उलट्या घडीत ठेवायच्या, एवढाच साड्यांशी संबंध उरलाय. तेव्हा त्या वाकतात आणि मी टोचते. मला टोचायचं नसतं. पण मी हलू शकत नाही आणि त्या मला सोडून कुठे जाऊ शकत नाहीत.

डॉक्टरांनी सांगितलं, ही उरलेली जाळी काढायला हवी, लांबवलं तर आतडं फुटेल. ऑपरेशन मोठं आहे, इथे होणार नाही, मोठ्या ठिकाणी करा. विमा कंपनीने सांगितलं, आजार जुना आहे. पेन्शनने सांगितलं, मला विचारूच नका.

रंगनाथराव सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेत. त्यांनी ठरवलं, ट्रस्टने बसवली, तर काढण्याचा खर्चही ट्रस्टने द्यावा. त्यांच्या मते भांडण हा प्रकार अर्ज न येणाऱ्यांसाठी असतो. मथुराबाई पलंगावर पडलेल्या असताना शेजारी खुर्ची घेऊन ते प्रत्येक कागद मोठ्याने वाचतात. मला बाहेरचं जग कळतं ते असं.

मसुदा ऐकून त्यांची मुलगी तनुजा म्हणाली, "बाबा, सब्जेक्टमध्ये सरळ 'सर्जिकल मेश' लिहा ना. त्यांना पटकन क्लिक होईल."

"मराठीत जाळी हा शब्द असताना मेश कशाला? मेष माझी रास आहे."

तेव्हा विषय असा गेला : 'सदोष जाळी बसविल्यामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मिळणेबाबत.'

आवक टेबलावरचा माणूस विषय वाचतो आणि त्यावरून विभाग ठरवतो. त्यापलीकडे वाचणं हा आगाऊपणा समजला जातो. रंगनाथरावांना हे सगळ्यांत जास्त ठाऊक असायला हवं होतं. अर्ज गेला देखभाल विभागाकडे. तिकडे नळ, दिवे आणि खिडक्या बघतात. दोन स्मरणपत्रांनंतर उत्तर आलं : 'सदर जाळी कोणत्या मजल्यावर व कोणत्या खोलीत आहे, ते कळवावे.'

रंगनाथरावांनी खुलासा लिहायला घेतला, पण त्यात योग्य शब्द सापडेपर्यंत देखभाल विभागाचे सुपरवायझर बद्रीनाथ अर्जावरचा पत्ता शोधत, हातात टेप घेऊन दारात उभे राहिले.

"जाळी बघायला आलोय, काका. कुठल्या खिडकीची?"

"बसा," रंगनाथराव म्हणाले. "जाळी आतल्या खोलीत झोपलीय."

मग त्यांनी अर्ज पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला. बद्रीनाथांनी टेप खिशात घातला. बराच वेळ त्यांचा चहा तसाच राहिला असावा, कारण मथुराबाईंनी आतून दोनदा तो घ्यायला सांगितलं. मग ते खोलीच्या उंबऱ्याशी आले.

"फार दुखतं का हो, काकू?"

ट्रस्टच्या माणसाने हा प्रश्न विचारण्याची ती पहिलीच वेळ. मथुराबाई म्हणाल्या, "टेप आणलाय ना? मोजून घ्या."

बद्रीनाथ रिकाम्या हाताने गेले नाहीत. त्यांच्याजवळ छापील अहवाल होता, खिडक्यांसाठी केलेला. त्यातच त्यांनी जमेल तसं लिहिलं : जाळी प्रत्यक्ष पाहता आली नाही. जाळी ट्रस्टनेच बसविलेली आहे. गळती चालू आहे. तातडीने बदलणे आवश्यक.

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. ज्या गोष्टी तीन ऑपरेशनं करणाऱ्यांनी कुठेही लिहिल्या नाहीत, त्या देखभाल विभागाने लिहून खाली सही केली होती. अहवालाची प्रत आली तेव्हा रंगनाथरावांनी 'ट्रस्टनेच बसविलेली' हे पुन्हा पुन्हा वाचलं. त्या संध्याकाळी मथुराबाईंनी एक मोरपंखी साडी इस्त्रीला पाठवली.

पुढचं पत्र थेट ट्रस्टच्या समितीचं होतं. 'देखभाल विभागाच्या शिफारशीस तत्त्वतः मान्यता देण्यात येत आहे. नियमानुसार जुनी जाळी भांडारात जमा करून पावती जोडावी. त्यानंतर खर्चाचा विचार करण्यात येईल.'

म्हणजे मला बाहेर काढलं, तर मला बाहेर काढण्याच्या खर्चाचा विचार होणार.

रंगनाथरावांनी चष्मा पुसला. "नियम तसा बरोबर आहे," ते म्हणाले. "जुनी ट्यूब जमा केल्याशिवाय आम्हीही नवी देत नव्हतो. नाहीतर लोक ट्यूब घरी नेतात."

मथुराबाईंचं पोट आवळलं. मला वाटलं दुखतंय. पण त्या हसत होत्या, किंवा त्याच्याजवळचं काहीतरी.

"बरोबर आहे ना? मग मलाच घेऊन चला आणि जमा करून या. पोच घ्यायला विसरू नका."

रंगनाथरावांनी कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. मग विचारलं, "कधी जाऊ या?"

मथुराबाई मोरपंखी साडी नेसल्या. निऱ्या खोचताना श्वास रोखून धरला. माझ्यावर एवढा कापडाचा भार फार दिवसांनी आला. रिक्षाच्या प्रत्येक खड्ड्याला मी त्यांना टोचले आणि प्रत्येक वेळी त्यांनी रंगनाथरावांनाच "सावकाश" म्हटलं, जणू रिक्षा तेच चालवत होते.

आवकच्या खिडकीवर तेजस्विनी नावाची नवी मुलगी होती.

"जुनी जाळी जमा करायची आहे," रंगनाथरावांनी सांगितलं.

"आणलीय का?"

"आणलीय. चालत आलीय."

मुलगी नवी असल्यामुळे तिने विषयाच्या पुढेही वाचलं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तिने आपली खुर्ची बाहेर आणून मथुराबाईंना बसवलं आणि हळूच म्हणाली, "काकू, भांडारात माणूस नाही हो जमा करून घेता येत. पावतीवर 'एक नग' असं लिहावं लागतं."

"लिही की. हे मला लग्नापासून नगच म्हणतात."

मुलगी हसली नाही. तिने अर्जावर शिक्का मारला आणि समासात लिहिलेलं आम्हाला वाचून दाखवलं : अर्जदार जाळीसह समक्ष हजर. पोच दिली. रंगनाथरावांनी ती नीट तपासली.

परतताना निऱ्या ओल्या झाल्या. मथुराबाईंनी पर्स मांडीवर घेऊन ते झाकलं. घरी येऊन गाऊन घातला. साडी रंगनाथरावांनी धुतली. त्यांना धुता येत नाही, त्यामुळे डागाच्या जागी आता रंगही गेलाय.

माझी विनंती एवढीच आहे. मी चांगल्या हेतूने पाठवलेलं ठिगळ आहे, मला कुणाचं वाईट करायचं नव्हतं. पण या बाई माझ्यात अडकल्यात आणि मी त्यांच्यात. आम्हा दोघींना सुटं करावं. सोबत मूळ प्रत जोडता येत नाही, त्याबद्दल क्षमस्व.

अर्ज समितीच्या अध्यक्षांच्या सहीसाठी ठेवलेला आहे. अध्यक्ष परगावी गेले आहेत. ते कधी येतील हे तेजस्विनीला माहीत नाही. तिसरं स्मरणपत्र काल टपालात पडलं. विषय तोच ठेवला आहे, कारण आता फाइल त्याच नावाने आहे. निर्णय झालेला नाही.