घड्याळजींचे चौदा महिने

सरकारी भत्त्याच्या अर्जात माझा आवडता रकाना एकच: ‘अर्ज करायला उशीर का झाला?’ मागच्या तारखेपासून पैसे हवे असतील तर तो भरावाच लागतो, आणि माणसं तिथे काय काय लिहितात! बायको मला भोचक म्हणते. म्हणू दे. खिडकीमागे वीस वर्षं काढायची तर लोकांच्या भानगडीत नाक खुपसल्याशिवाय दिवस जात नाही.

त्या दिवशी चाळीस वर्षं घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या घड्याळजींचा अर्ज आला. नजर गेलेल्यांचा भत्ता, चौदा महिने मागून. डॉक्टरांचा दाखला मात्र दोनच महिन्यांपूर्वीचा, आणि उशिराचा रकाना चक्क कोरा. घड्याळजी लांब बाकावर बसले होते. खिडकीशी त्यांची बायको होती.

“मावशी, इथे काहीच लिहिलं नाही?”

तिने मागे पाहून आवाज खाली आणला. “नजर चौदा महिन्यांपूर्वीच गेली, साहेब. हे मान्यच करेनात. बोटांच्या अंदाजाने दुरुस्त्या करायचे. मी ती घड्याळं गुपचूप घरी न्यायचे, उघडून नीट करायचे. तीस वर्षं शेजारी बसलेय, तेवढं येतं मला.”

तिने वही पुढे केली. तारीख, गिऱ्हाईक, आणि पुढे ‘चाक उलटं बसलेलं, नीट बसवलं.’ ‘काटा वाकलेला, बदलला.’ ‘झाकण सैल, घट्ट बसवलं.’ पानंच्या पानं. मी अधाशासारखा वाचत सुटलो.

“पुरावा पक्का आहे. पण सही घेण्याआधी हा त्यांना वाचून दाखवावा लागेल. नियमच आहे.”

तिचा चेहरा उतरला. “दुकानाचं भाडं थकलंय. हे पैसे नाही आले तर मालक महिनाअखेर कुलूप लावणार.” मग तिने वही मागे ओढली. “तरी दोनच महिने लिहा. हे ऐकून ते खचतील.”

मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर डोक्यात किडा वळवळत होता. चाळीस वर्षं घड्याळं उघडणाऱ्या माणसाला आपली दुरुस्ती फसलेली कळत नाही? मी उठून बाकापाशी गेलो. वहीचं नावही काढलं नाही.

“घड्याळजी, नजर कधीपासून गेली?”

“चौदा महिने झाले. का, तिने कमी सांगितले?”

“मग एवढे दिवस दुरुस्त्या कशा जमल्या हो?” मी विचारलं.

ते हसले. “कान शाबूत आहेत हो माझे. संध्याकाळी अडखळणारं घड्याळ सकाळी सुरळीत चालतं, ते काय आपोआप? बोललो असतो तर ती म्हणाली असती, आता घरी बसा. म्हणून गप्प राहिलो. फक्त मागची झाकणं सैल ठेवायचो, तिच्या बोटांना त्रास नको.”

मावशी केव्हा मागे येऊन उभी राहिली, कळलंच नाही. वही छातीशी घट्ट धरलेली, डोळे भरलेले.

“अहो,” ती म्हणाली, “ते सैल झाकण मी रोज तुमची चूक म्हणून लिहीत आले.”