रेघ सरकवली की

व्याख्यानाला जेमतेम दोन तास उरले असताना सुनेला तिच्याच कागदांत चूक सापडली, आणि ती चूक सासूबाईंच्या पेन्सिलीची होती.

घर दोन गणितज्ञ बायकांचं. सासूबाईंनी आयुष्यभर समीकरणांतून निघणाऱ्या वक्रांचा अभ्यास केला, कोण कोणाला किती ठिकाणी छेदतो ते मोजलं आणि मग निवृत्त झाल्या. सून टोपोलॉजीवाली. आकार ताणा, वाकवा, फक्त फाडू नका, आणि तरीही जे बदलत नाही ते ती शोधायची. दोघींच्या मधे सापडलेला मुलगा एकटा दंतवैद्य. "तुम्ही भांडता की गप्पा मारता तेच मला कळत नाही," असं म्हणून तो दवाखान्यात पळायचा.

आजचं व्याख्यान ऐकून संस्था सुनेला कायमची नोकरी द्यायची की नाही ते ठरवणार होती. आणि सगळं व्याख्यान एकाच दाव्यावर उभं होतं: रेघ कशीही सरकवा, तिच्या आणि वक्राच्या भेटींची बेरीज बदलत नाही.

*मागच्या आठवड्यात.* सासूबाईंनी मसुदा वाचता वाचता सगळी उणे चिन्हं खोडून अधिक केली.

"भेट ती भेट. उणे भेट कसली गं?"

"हो आई," सून म्हणाली.

*आज.* ओट्याशेजारच्या टेबलावर तिने आडव्या लाटेसारखा एक वक्र काढला आणि त्यावर पारदर्शक पट्टी आडवी ठेवली. वक्र पट्टीला तीनदा छेदत होता. तिने पट्टी वर सरकवली. दोन बिंदू जवळ आले, टेकले, नाहीसे झाले. तीनाचा एक झाला.

मग तिने आपली जुनी चिन्हं लावली. वक्र रेघेच्या वर चढला की अधिक, खाली उतरला की उणे. अधिक, उणे, अधिक: बेरीज एक. पट्टी सरकवली. तरी एकच.

*(गोष्ट जरा बाजूला सरकवून पाहू. सून गप्प राहते. फळ्यावर तीन लिहिते. श्रोत्यांतला कोणीतरी रेघ सरकवतो. नोकरी गेली, आणि घरी सासूबाईंना कारण सांगायची चोरी. असो. पट्टी परत जागेवर.)*

"आई, जरा येता?"

"मीठ कमी पडलं का?"

"उणे कमी पडले."

सासूबाई चष्मा पुसत आल्या. "तीन तर आहेत."

"सरकवा."

त्यांनी सरकवली. "दोन गेले. पण जातील कुठे? समीकरण तिसऱ्या घाताचं, उत्तरं तीनच. कागदावर न दिसणाऱ्या संमिश्र संख्यांत बसले असतील लपून."

"समीकरण तुमच्याकडे. माझ्याकडे नुसता वाकडातिकडा वक्र आहे, कोणी दोरी टाकावी तसा. त्याची लपलेली उत्तरं मी कुठून आणू?"

सासूबाई बराच वेळ पट्टी वर-खाली करत राहिल्या. "मी सवयीने वाचलं," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे सगळ्या भेटी अधिकच निघतात. पण तू का ऐकलंस?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून."

"गणितात? सासू म्हणून ऐकलंस? अगं, पंखा किती जोरात लावायचा यावरून माझ्याशी तासभर भांडतेस!"

सुनेला हसू फुटलं. सासूबाईंना मात्र नाही. "खोड ते सगळं. आणि मी पहिल्या रांगेत बसणार आहे. सोडणार नाही हं."

*सभागृह.* सुनेने फळ्यावर तोच वक्र काढला, ठसठशीत उणे लावला आणि रेघ वर सरकवून दाखवली. संचालक सासूबाईंचेच जुने विद्यार्थी. त्यांनी सवयीने बाईंकडे पाहिलं. बाई उभ्या राहिल्या.

"ते दोन बिंदू गेले कुठे?"

"तुमच्याकडे, आई." बाई म्हणायचं ती विसरली. सभागृह हसलं. "तुमच्या जगात ते आहेत, खुशाल तीन मोजा. माझ्याकडे अधिक आणि उणे एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून तर बेरीज टिकते."

"आणि वक्राचं टोकच रेघ ओलांडून गेलं तर?"

याचा विचार मसुद्यात नव्हता. तिने फळ्याकडे पाहिलं, मनातल्या मनात टोक खाली ओढलं.

"तर बेरीज बदलते," ती सावकाश म्हणाली. "एक टोक रेघेच्या खाली आणि दुसरं वर राहिलंच पाहिजे. ही अट मी लिहिली नव्हती. आता लिहिते."

तिने लिहिली. कोणीतरी मागून "बरोबर" म्हणालं.

दाराशी संचालकांनी तिला गाठलं. "रुजू झाल्यावर पहिला वर्ग कोणता घ्यायला आवडेल?"

ती तोंड उघडणार इतक्यात मागून आवाज आला, "ती अट मला जास्तच कडक वाटते."

"एक मिनिट हं सर," सून म्हणाली आणि वळली. "कडक? कुठे ते दाखवा, आई."