ताईच्या सायकलचं इंजिन

तिसऱ्यांदा दोरी ओढली तेव्हा इंजिन सुरू झालं आणि अंगणभर पांढरा धूर पसरला. ताई दोन पावलं मागे सरली.

"एवढा आवाज करतं?" तिने विचारलं.

"इंजिन आहे ताई. कुजबुजणार आहे का?"

ती हसली. मला वाटलं, कौतुकाने विचारतेय.

गवत कापायची यंत्रं दुरुस्त करण्यावर माझं पोट. एका बागेने मोडीत काढलेलं यंत्र माझ्याकडे आलं होतं. दांडी वाकलेली, पण इंजिन शाबूत. तेच मी ताईच्या सायकलला मागच्या चाकावर बसवलं. इंजिन फिरलं की एक लोखंडी रोलर फिरायचा आणि टायरवर घट्ट दाबलेला तो रोलर चाक फिरवायचा. सुटे भाग जमवत, जोडत, पुन्हा खोलत चार महिने गेले.

ताई घरोघर जाणारी नर्स. कुणाची जखम धुवायची, कुणाला इंजेक्शन द्यायचं, एखाद्या बाळंतिणीची विचारपूस करायची. सगळं सायकलवर. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, ताई सतराची. तिने मला शिकवलं, वर्कशॉपमध्ये हाताखाली लावून दिलं. तिच्या लग्नाचा विषय निघाला की म्हणायची, आधी छोट्याचं मार्गी लागू दे. छोट्याचं सगळं मार्गी लागलं, लग्नसुद्धा. तिचं राहून गेलं, आणि मागच्या खोलीत ती आमच्याबरोबरच राहिली.

तिचा गुडघा दुखायला लागला, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आता आपली पाळी आली. पांग फेडायचे म्हणतात तसं.

रोज सकाळी ती फटफट करत फाटकाबाहेर पडायची आणि मी दारात उभा राहून आवाज ऐकायचो. दर रविवारी टाकी उघडून बघायचो. पेट्रोल जेमतेम बोटभर खाली गेलेलं असायचं. शेजारच्या दुकानातल्या वेल्डरने विचारलं, "हवेवर चालतं का रे?" पेट्रोल कमी जावं म्हणून कार्बोरेटर कसा बारीक लावलाय, ते मी त्याला समजावून सांगितलं. हाताला गुण असावा लागतो, असंही म्हणालो. पुढे येईल त्या गिऱ्हाइकाला मी हे सांगत राहिलो.

दोन वर्षांनी ताईला जिना उतरता येईना. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून बघितला आणि गुडघ्याची पार झीज झाली आहे, असं सांगितलं. सायकल किती चालवता, हेही विचारलं. ताईच्या आधी मीच बोललो. म्हणालो, तिची सायकल इंजिनवर चालते, पाय हलवायचं कामच नाही. ताई भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिली.

तिचं काम त्या आठवड्यात सुटलं. ती येणार नाही हे तिच्या नेहमीच्या घरांमध्ये कळवायला तिने मला पाठवलं. चढावरच्या शेवटच्या घरात एक निवृत्त मास्तर अंथरुणाला खिळलेले होते. त्यांच्या पत्नीने मला पाणी दिलं आणि ताईच्या गुडघ्याची चौकशी केली. मी म्हणालो, बरं झालं, निदान दोन वर्षं तिला पायडल मारावं लागलं नाही.

त्यांनी माझ्या हातातलं भांडं परत घेतलं.

"अहो, ताई पायडल मारतच यायच्या. वर आल्या की दोन मिनिटं दाराला टेकून उभ्या राहायच्या. बोलवायचंसुद्धा नाही त्यांच्याने."

मग सगळं उलगडलं. पहिल्या आठवड्यात ताई इंजिनवर आली होती. रात्रभर कण्हून मास्तरांचा पहाटे कुठे डोळा लागायचा, ते दचकून उठले. खालच्या गल्लीत दहा दिवसांचं बाळ रडायला लागलं. तेव्हापासून ती आमच्या कोपऱ्यावरच इंजिन बंद करायची आणि परतताना तिथेच पुन्हा सुरू करायची.

"आम्ही म्हटलं, काढून टाका ते. तर म्हणाल्या, भावाने केलंय."

घरी आलो, इंजिन बंद ठेवून सायकलवर बसलो. रोलर टायरला धरूनच होता. भावाभावांच्या भांडणात मागून कुणी शर्ट ओढावा तसं ते चाक मागे ओढलं जात होतं. कोपऱ्यापर्यंत जाईतो माझ्या मांड्या भरून आल्या. रोलर वर उचलायला एक साधी कडी पुरली असती. अर्ध्या दिवसाचं काम. पण हे इंजिन कुणाला बंद करावंसं वाटेल, असं माझ्या मनातच आलं नव्हतं.

ताई खोलीत पाय लांब करून बसली होती.

"सांगायचं होतंस," मी म्हणालो.

कुणी सांगितलं, काय सांगितलं, तिने विचारलं नाही. "सांगायलाच आले होते," ती म्हणाली. "तू हात पुसत बाहेर आलास आणि विचारलंस, कशी चालते? लहानपणी पाटीवरचं गणित दाखवायला यायचास ना, तसाच उभा होतास. मग म्हटलं, छान चालते."

"दोन वर्षं, ताई?"

"कोपऱ्यापर्यंत चालवायचेच की."

दोन वर्षांत एकदा तरी तिच्याबरोबर त्या चढावर चालत गेलो असतो तर डोळ्यांनी दिसलं असतं. मी टाकी बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इंजिन उतरवायला घेतलं. ही इंजिनं तापू नयेत म्हणून त्यांना बाहेरून पातळ पट्ट्या असतात. त्यांच्या फटींत धूळ आणि तेल बसून काळं किटण होतं. गिऱ्हाइकांची इंजिनं मी रोज खरवडतो. हे इंजिन लख्ख होतं. प्रत्येक फट वेगळी पुसलेली, आतपर्यंत. अगदी खालच्या फटीत जखम पुसायच्या कापसाचा एक धागा अडकून राहिला होता.