डेंजर नव्हे, डांगर

मी नकाशावरची एक खूण बोलतेय. फोनच्या पडद्यावर पाण्याच्या उलट्या थेंबासारखी दिसते ना, ती. दुकान कुठे आहे, किती वाजता उघडतं, लोक त्याच्याबद्दल काय म्हणतात, हे सगळं मला पोटात घेऊन उभं राहावं लागतं. मला जन्माला घालायला कुणाला एक पैसाही पडला नाही. फुकट ते पौष्टिक, असं तुम्ही म्हणता. माझं पुढे काय झालं ते ऐका आणि मग ठरवा.

माझा पत्ता पश्चिम तांबरमचा. जन्म मात्र धावत्या बसमधला. देविका नावाची मुलगी श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात कामाला जाते. कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसून, एका हाताने डबा सांभाळत, तिनं आपल्या अम्मासाठी मला तयार केलं. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, फोन नंबर दिला. तेवढ्यात बस फाटकात शिरली. फोन खिशात टाकण्याच्या घाईत नाव पुन्हा वाचायचं राहून गेलं.

तिची अम्मा म्हणजे शशिकला. घराणं तंजावरकडचं. घरात जुनी मराठी, दाराबाहेर तमिळ. त्यांची मराठी कानांनी शिकलेली. लिहायची वेळ आली की ती तमिळ अक्षरांत लिहितात. शशिकला घरी उडदाची डाळ मंद आचेवर भाजते, दळून आणते, आणि त्या पिठाच्या पुड्या विकते. हे पीठ दह्यात कालवून वर मोहरी-हिंगाची फोडणी दिली, की होते डांगर पच्चडी. पिठाला त्यांच्यात डांगरच म्हणतात. तिची आई म्हणायची, आजी म्हणायची. महाराष्ट्रातही काही घरांत म्हणतात, असं तिनं नुसतं ऐकलेलं.

तिचा नवरा राममूर्ती गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात भांडारात कारकून आहे. तांबरम हे शहराच्या या टोकाला, गुम्मिडिपूंडी त्या टोकाच्याही पलीकडे. मध्ये गाडी बदलायची, जिने चढायचे. वर्षानुवर्षं हेच. आता त्याची कंबर धरते. संध्याकाळी उंबऱ्यापाशी आला की भिंतीला हात लावून क्षणभर उभा राहतो, मगच चप्पल काढतो. शशिकलेला एवढंच हवं होतं, की आपलं डांगर इतकं खपावं की यांनी ती नोकरी सोडावी. पीठ डांगर म्हणूनच खपावं, हे तिनं वेगळं कधी बोलून दाखवलं नाही. ते वेगळं आहे हेच तिच्या ध्यानात नव्हतं.

माझे पहिले महिने उपासाचे गेले. कुणी मला बोट लावलं नाही. उन्हाळ्यात एक फोन आला. कुणीतरी तमिळमध्ये विचारत होता, "अम्मा, टँकर कधी पाठवता?" देविकानं दुसऱ्या रकान्यात तमिळ अक्षरांत नाव घातलं होतं, तमिळमध्ये ट आणि ड यांना एकच अक्षर, आणि तहानलेल्या माणसानं त्यात पाण्याचा टँकर वाचला होता. शशिकला म्हणाली, "अय्यो, आमच्याच नळाला पाणी नाही की!" आणि दोघंही हसली.

मग देविकाला श्रीवत्स भेटला. तो छोट्या धंदेवाल्यांना दर रविवारी फोनवर मोफत शिकवण्या घेतो. पुण्याहून नोकरीसाठी आलेला, बोलतो घाईघाईनं, पण शिकवतो मनापासून, हे मला कबूल केलं पाहिजे. त्याच्यामुळे माझा चेहरा बदलला. "फोटो दिव्याखाली काढू नका, खिडकीशी सकाळच्या उजेडात काढा. दुकानाची वेळ खरी लिहा. बंद दारावरून परतलेला माणूस पुन्हा येत नाही. कुणी वाईट लिहिलं तरी उत्तर द्या, भांडू नका. गिऱ्हाइकाला पाच तारे मागू नका, काय खाल्लं ते लिहायला सांगा." मोफत मिळणाऱ्या साधनानं देविकानं पुडीवरचं चित्र तयार केलं, संदेशांच्या ॲपवर पिठांची यादी लावली. शशिकला पाटावर बसून प्रत्येक सूचना ऐकायची आणि पटली तर मान हलवायची.

माणसांची एक गंमत मी पाहिली आहे. दोन घरं पलीकडच्या बाईला विचारायला त्यांना संकोच वाटतो, पण ज्याचं तोंड पाहिलेलं नाही त्याच्या ताऱ्यांवर ती डोळे झाकून विश्वास ठेवतात. चांगलं जेवून उठलेला गप्प राहतो. ज्याच्या पानात खडा आला तो हमखास लिहितो.

आणि एक दिवस एका कॉलेजच्या मुलीनं माझा फोटो काढून सगळीकडे पाठवला. त्या बसच्या घाईत फोननं आपल्या अकलेनं एक अक्षर बदललं होतं. माझ्या कपाळावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: शशिकला डेंजर पावडर.

शहर हसलं. हसत हसत दारात आलं. "मामी, डेंजर पौडर इरुक्का?" आहे का, असं तमिळमध्ये विचारत पोरं यायची. पुडीबरोबर स्वतःचा फोटो काढायची, गळा धरून मेल्याचं सोंग करायची. माझ्या पोटात ताऱ्यांचा ढीग जमला. कुणी लिहिलं, 'खाऊन अजून जिवंत आहे.' कुणी लिहिलं, 'सासूसाठी नेली, उपयोग झाला नाही.' त्यांतल्या फार थोड्यांनी दह्यात पीठ कालवलं होतं. पण पुड्या खपत होत्या. राममूर्तीनं एकदा जेवताना हळूच म्हटलं, "दिवाळीनंतर साहेबाशी बोलूं काय? सोडतो म्हणून?" शशिकलेनं त्याच्या पानात आणखी भात वाढला, आणि त्या दिवशी तिचा उजळलेला चेहरा मी फोनच्या काचेतून पाहिला.

शशिकलेचं इंग्रजी सावकाश. पोरं शब्द चुकीचा म्हणतात असंच तिला वाटत होतं. ती प्रत्येकाला लाडानं समजावायची, "डेंजर नाही कन्ना, डांगर. डां-गर." पोरं आणखी हसायची. शेवटी एकानं फोन तिच्या हातात दिला आणि अक्षरावर बोट ठेवलं.

देविका कामावरून आली तेव्हा अम्मा ओट्याशी उभी होती.

"माझ्या डांगराचं नाव कोण बदललं गे?"

"फोन, अम्मा. आपोआप बदलतो तो."

"आणि तूं पाहिलीस कधी?"

देविकानं पिशवी खाली ठेवली. "मागच्या महिन्यात. तोवर खपायला लागलं होतं. श्रीवत्स सर म्हणतात, हात लावू नका. असली प्रसिद्धी लाखो रुपये ओतूनही मिळत नाही. कवटीचं चित्र लावू, म्हणतात."

"कवटी? खायच्या पुडीवर?"

"गमतीचं चित्र असतं, अम्मा."

"लोक हासतात ते मज चालतं. पण पीठ खाऊन हासोत की. हे तर न खाताच हासतात."

राममूर्ती दारात भिंतीला हात लावून उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो एवढंच म्हणाला, "नाव काय गे, खपतंय ना?" मग चप्पल काढली. शशिकला पुड्या भरायला बसली. ज्याच्या कंबरेसाठी हा खटाटोप, त्यानंच राहू दे म्हटलं होतं. डेंजर राहिलं. मीही राहिले, आणखी तारे पोटात घेत.

त्यानंतर वसंता मामी आल्या. निवृत्त हिंदी शिक्षिका, सत्तरी ओलांडलेली, हातात छत्री. ओळखीतल्या एका मुंजीत कुणीतरी शशिकलेचं नाव सांगितलं म्हणून आलेल्या. आत येऊन त्यांनी भाजलेल्या डाळीचा वास घेतला आणि खुर्चीवर बसल्या.

"तुम्ही कधीपासून करतां हें?"

"पुष्कळ वर्षं झाली, मामी. तुम्ही कोठे असतां?"

"मागच्या गल्लीत. पिल्लैयार कोविलाशेजारी."

शशिकला थबकली. मागची गल्ली म्हणजे गणपतीच्या देवळाची, तिच्या गच्चीवरून वाळत घातलेले कपडे दिसतात ती.

मामी सांगू लागल्या. त्यांच्या यजमानांचं आजारपणात अन्नावरचं मन उडालं होतं. एकच मागायचे, डांगर. मामींच्या हातांना कंप. भाजणं-दळणं होत नव्हतं. नातवानं फोनमध्ये शोधलं. इंग्रजीत घातलं तर फोन विचारायचा, तुम्हांला डेंजर म्हणायचंय का, आणि विजेच्या खांबावरच्या पाट्या दाखवायचा. मराठीत घातलं तर लाल भोपळे. महाराष्ट्रात काही भागांत भोपळ्याला डांगर म्हणतात, हे त्या पोराला कुठलं ठाऊक? त्यानं भोपळा आणला. सुनेनं त्याची पच्चडी केली.

"एक घास घेतले त्यांनी," मामी म्हणाल्या. "मग माझ्याकडे पाहून म्हणाले, वसू, तूंही विसरलीस काय? मी काय सांगूं? वैशाखात गेले."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि शशिकला उठून गॅस बंद करून आली.

मी तेव्हा फोनमध्ये होते, ओट्यावर. खुणेला लाज वाटत असेल तर ती मला तेव्हा वाटली. हाक मारणारा मागच्या गल्लीत होता, आणि मी डोक्यावर दुसऱ्याच शब्दाची पाटी घेऊन उभी होते. अण्णानगरच्या पोरांना मी सापडले, वेलाचेरीच्या सापडले. ज्याला डांगर म्हणजे काय हे ठाऊक होतं, त्याला नाही.

त्या संध्याकाळी राममूर्ती आला तेव्हा शशिकलेनं त्याला पाणी दिलं आणि मामींची हकीकत सांगितली. पुढे म्हणाली, "नाव नीट करते. खप कमी होईल. तुमचं दिवाळीनंतरचं बोलणं राहील."

राममूर्तीनं पाणी पिऊन पेला खाली ठेवला. मामींचे यजमान त्याला ठाऊक होते. स्टेशनाच्या बाकावर वर्तमानपत्र वाचत बसायचे, दोघं तमिळमध्ये नमस्कार करायचे. हे आपल्यांतले, हे दोघांपैकी एकालाही कळलं नव्हतं.

"कर," तो म्हणाला. "आणखी एक वर्ष जाईन गाडीत. सवय आहे."

"कंबर?"

"तीही येईल की बरोबर. तिला कोठे ठेवून जाऊं?"

देविकानं नाव बदललं. या वेळी टेबलापाशी बसून, एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत. फोननं पुन्हा डेंजर केलं. तिनं पुन्हा डांगर केलं. मग वरून, नकाशा चालवणाऱ्यांकडून, निरोप आला: नावात मोठा बदल दिसतो, हा धंदा तोच आहे का, चित्रफीत पाठवा, पाटी दाखवा. घराला पाटी नव्हतीच. राममूर्तीनं फळी आणून रंगवली. तमिळ त्यानं लिहिलं, इंग्रजी देविकानं. देवनागरी वसंता मामींनी लिहिलं, कंप पावणाऱ्या हाताला दुसऱ्या हाताचा आधार देत. 'डा'वरचा अनुस्वार जरा मोठा झाला, कपाळावरच्या कुंकवासारखा. चित्रफीत गेली. परत आली. दुसरी गेली. शेवटी उत्तर आलं, की हा वेगळा धंदा दिसतो. नवी खूण करा, जुनी बंद करा.

श्रीवत्सचा फोन आला. "अहो काकू, एवढे रिव्ह्यू पाण्यात जातील! शून्यापासून सुरुवात!"

"सर, तुम्ही शिकवलं ते सगळं करीन. उजेडात फोटो काढीन, वेळ खरी लिहीन. मग नाव तेवढं खोटं कां लिहूं?"

मग तो म्हणाला, "नव्या खुणेची लिंक पाठवा. पहिला रिव्ह्यू मी लिहितो. पण आधी पुडी पाठवा, खाऊन लिहितो."

मला बंद करायचं काम देविकानं अम्माला दिलं. पडद्यावर विचारलं होतं: कायमचे बंद करायचे? शशिकलेचं बोट तिथे थांबलं. चुकीच्या नावानं का होईना, मी तिच्या दारात माणसं आणली होती. आपल्याकडे निघणाऱ्याला कुणी 'जा' म्हणत नाही, आणि निघणाराही 'जाते' म्हणत नाही. तमिळमध्येही तसंच, पोयिट्टु वरेन, जाऊन येते.

"येते म्हण गे," ती पुटपुटली, आणि बोट टेकवलं.

आता मी राखाडी झाले आहे. माझ्या नावाखाली लाल अक्षरांत 'कायमचे बंद' लिहिलेलं असतं. नवी खूण शेजारीच उमटली आहे. तिच्या पोटात अजून फार काही नाही: खिडकीच्या उजेडातला पुडीचा फोटो, खरी वेळ, श्रीवत्सचे चार शब्द, वसंता मामींनी नातवाकडून लिहवून घेतलेली एक ओळ. पुड्या पूर्वीच्या निम्म्याही जात नाहीत. राममूर्ती सकाळी गुम्मिडिपूंडीला जातो. पण परवा आवडी नावाच्या लांबच्या उपनगरातून एक म्हातारं जोडपं आलं. गल्लीच्या तोंडाशी फुलं विकणाऱ्या बाईला त्यांनी विचारलं, आणि तिनं हातानं दाखवलं, "डांगर मामी? ते पाटीचं घर." तमिळ बाई, पण शब्द अगदी स्वच्छ म्हणाली.

अजून कुणी कुणी हसायला मला शोधत येतं. त्यांना, आणि तुम्हांलाही, माझी विनंती आहे. आमच्यासारख्या फुकटच्या खुणा जरूर करा. पण नाव लिहिण्याआधी ते घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून एकदा ऐका, आणि फोननं ते सुधारलं तर फोनला सुधारा. माझ्यापाशी पोचलात तर 'कायमचे बंद' वाचून परत फिरू नका. दार उघडं आहे, डाळ भाजल्याचा वास येतोय.

येते मी.