पहिल्या घोटाची पैज

चाल्बीच्या वाळवंटाकाठच्या त्या वस्तीत बोनायाची नजर नावाजलेली होती. दोन टेकड्यांपलीकडचा चुकार उंट आपला की परक्याचा, हे म्हातारा बसल्या जागी सांगायचा. पण संध्याकाळी धार काढून झाली आणि एखादा उपग्रह आभाळातून ठिपक्यासारखा सरकत निघाला, की तो आधी दिसायचा त्याच्या नातीला, तुम्मेला. जो आधी "दिसला!" म्हणेल त्याला सांडणीच्या ताज्या दुधाचा पहिला घोट, अशी दोघांची पैज. पोर एवढीशी होती तेव्हापासून बोनाया हरत आला होता.

"उंट बरे दिसतात तुम्हाला!" बायको काबाले टोमणा मारायची.

तुम्मेचं लग्न झालं. पहाटे तिचं बिऱ्हाड उंटांवर चढणार होतं. आदल्या संध्याकाळी सगळे उघड्यावर बसलेले असताना आभाळात ठिपक्यांची रांगच्या रांग उगवली. एकामागे एक बांधलेले उंट चालावेत तशी ती वर आली, आणि डोक्यावर येता येता एकेक ठिपका विझला.

नवऱ्या मुलाचा काका वारिओ ताडकन उठला. "तांडा वाटेतच नाहीसा झाला! अपशकुन आहे हा. पोरीला आत्ता नको न्यायला, पावसानंतर बघू. बोनायादादा, आभाळातलं तुम्हाला कळतं. तुम्ही बोला."

सगळे त्याच्याकडे बघू लागले. नुसती मान हलवली असती, तरी पोर पावसापर्यंत घरात राहिली असती. म्हाताऱ्याला क्षणभर मोह झालाही. तुम्मेलाही खरं काय ते ठाऊक होतं, पण आजोबांच्या पुढे ती बोलली नाही. डोळे मात्र नवऱ्याकडे लागले होते. ते बोनायाने पाहिलं.

"अपशकुन कसला डोंबलाचा!" तो खाकरून म्हणाला. "माणसांनीच वर सोडलेत ते. आपल्याकडे सूर्य बुडाला तरी तिथं वर ऊन असतं, म्हणून चमकतात. पुढे पृथ्वीची सावली लागली की दिसेनासे होतात. पण चाललेले असतातच. दिसत नाही म्हणजे पोचत नाही, असं थोडंच आहे? न्या पोरीला."

पहाटे तुम्मे गेली. जाताना गळ्यात पडून म्हणाली, "आता पहिला घोट तुमचाच हं, आजोबा. मजा आहे!"

संध्याकाळी धार झाली. बाभळीच्या शेंड्यावर एक ठिपका उगवला. बोनायाला तो लगेच दिसला, आणि नेहमीसारखा तो गप्प बसून राहिला. ठिपका डोक्यावर आला, विझला, तरी हा गप्पच. मग शेजारची रिकामी जागा त्याच्या ध्यानात आली.

काबालेने दुधाचं भांडं पुढे केलं. "इतकी वर्षं तिच्यासाठी गप्प बसलात. आज कुणासाठी?"

त्याने भांडं घेतलं, तोंडाला लावलं. पण तो पहिला घोट काही केल्या त्याला गिळवेना.